कच्चे मडके

‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आम्ही डोंबिवलीची मुले. खेळताना एखादा पोरगा भलतेच काही बोलला, की दुसरा चटकन म्हणे, ‘पुढच्या गाडीने ठाण्याला पाठवा रे ह्याला!’ ठाण्याला तलाव होते, कोर्ट होते, कलेक्टर कचेरी होती आणि माझी मावशीही होती; पण त्या वाक्यातले ठाणे एकच. १९०१ साली उभे राहिलेले आणि पुढे कितीतरी वर्षे नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले गेलेले तेथील मनोरुग्णालय. मावशीकडे जाताना त्याची लांबच लांब भिंत दिसली आणि मी आईला विचारले, ‘आत काय आहे?’ आई म्हणाली, ‘तिकडे पाहू नये.’

ग्रहणाकडे पाहू नये, चवथीच्या चंद्राकडे पाहू नये, त्याच यादीत आईने ती भिंत घातली. आईचा दोष नाही. त्या काळी साऱ्या समाजाचीच तशी रीत होती. वेड लागलेले माणूस घरात असले तर ते माडीवर ठेवीत, नाहीतर ठाण्याला. आणि दोन्ही ठिकाणी पाहायचे नाही, एवढा एक नियम सारखाच. आता दिवस पालटले आहेत. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली, आणि मनाच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलण्याची सवय या परिसराला हळूहळू लागली. ज्या भिंतीकडे पाहू नये असे आम्हाला सांगितले, तिच्याआड काय चालते ते पाहण्याचेच शिक्षण आज आमच्या लेकी-नाती घेत आहेत. त्यांतल्या एकीने या पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला. तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवतो.

मुलगी आमच्याच मजल्यावरची. वय तेवीस. मानसशास्त्र घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यातही चिकित्सा-मानसशास्त्र, ज्याला ती ‘क्लिनिकल’ एवढेच म्हणते, तो तिचा विषय. तिच्या आजीला आपली नात नेमके काय शिकते ते शेजारणीला अजून नीट सांगता येत नाही. ‘मनाचे काहीतरी’, एवढे म्हणून ती विषय पोह्यांकडे वळवते. या विद्येत औषधाची चिठ्ठी लिहायची नसते. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे. हिने ऐकायचे, विचारायचे, चाचण्या घ्यायच्या आणि बोलण्यातूनच माणसाला त्याच्या गुंत्याबाहेर यायला मदत करायची. हे पुस्तकातून येत नाही. काठावर बसून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणून या मुलांना आठवड्यातले काही दिवस कुठल्या तरी रुग्णालयात नाहीतर केंद्रात पाठवतात. सकाळी सातच्या सुमाराची गाडी, पाठीवरच्या पिशवीत डबा आणि वही, असा तिचा क्रम चालू होता.

आषाढातल्या एका रात्री नऊ वाजून गेल्यावर तिने दार वाजवले. छत्रीचे पाणी जिन्यात निथळत होते. आत येऊन बसली आणि म्हणाली, ‘काका, मी आज एका बाईशी खोटे बोलले.’

हकीकत अशी. तिला ज्या केंद्रात पाठवले होते, ते ठाण्यात नव्हे आणि डोंबिवलीतही नव्हे. त्याचे नाव मी सांगत नाही, आणि नावावाचून काही अडतही नाही. तेथे या मुलांवर देखरेख करणाऱ्या बाई दुसरी नोकरी लागून निघून गेल्या होत्या. त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. चार आठवडे झाले, सहा विद्यार्थी आपापल्या खोलीत बसून येतील त्या माणसांशी एकटेच बोलत होते. काय बोलले, काय चुकले, हे पाहणारे कोणी नव्हते. वर दारावर प्रत्येकाच्या नावाची पाटी, आणि नावाखाली ‘समुपदेशन तज्ज्ञ’ असे शब्द. त्या दिवशी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा दहावीचा. महिनाभर शाळेत जात नव्हता, धड जेवत नव्हता. बाईने पाटीकडे पाहिले, मग हिच्या कोवळ्या तोंडाकडे पाहिले, आणि विचारले, ‘मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात ना?’

‘मी म्हणाले, नाही, मी शिकते आहे, पण माझे काम आमच्या बाई दर आठवड्याला तपासतात.’ एवढे सांगून ती थांबली. ‘काका, पहिले वाक्य खरे. दुसरे खोटे.’

मी विचारले, ‘मग आता काय करणार?’

‘तेच विचारायला आले. आम्ही सहाजण आहोत. सगळ्यांना गोळा करावे, वर जाऊन सांगावे, लिहून द्यावे, असे मनात येते. पण मग वाटते, मला अधिकार काय? मला अजून येते तरी काय? ज्याला येत नाही त्याने पुढे व्हावे का?’

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. पुढे होण्यात धोकाही होता. हजेरी, गुण, शिफारसपत्र, सारे त्याच केंद्राच्या हाती. त्यातून या विद्येचा पुढचा रस्ताच मधल्या काळात उखडलेला. बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या ‘निमहान्स’मध्ये, १९५५ साली या विषयाचे दोन वर्षांचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे देशभर त्याचा एम.फिल. हा साचा ठरला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. या विषयापुरती तिला मुदतवाढ दिली, तीही २०२५-२६ या वर्षापर्यंत. ज्या मुलांना आपण पुढच्या वर्षी कुठे असू हे ठाऊक नाही, त्यांनी आज हाती असलेले गमवायचे कशासाठी?

मी तिला त्या रात्री उत्तर दिले नाही. मला देता आले नाही, हे जास्त खरे.

रविवारी माझे एक मित्र भेटले. चाळीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतो. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही चहाला बसलो तेव्हा मी, नाव-गाव न सांगता, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी बशी खाली ठेवली.

‘अहो, विद्यार्थ्याने पुढारीपण करायचे म्हणजे काय? सगळ्या ठिकाणी चालेल एक वेळ. कॉलेजात फीवाढीविरुद्ध मोर्चा काढा, स्नेहसंमेलन भरवा, ठीक आहे. पण इथे समोर आजारी माणूस आहे. हात मोडला तर त्याचा फोटो निघतो. मन कुठे मोडले आहे ते दिसते का? असल्या कामात ज्याला दहा वर्षांचा अनुभव आहे त्याने बोलावे. हिने वही घेऊन कोपऱ्यात बसावे. कच्च्या मडक्यात पाणी भरू नये. मडके तर जातेच, पाणीही जाते.’

मास्तरांचे म्हणणे मला हसण्यावारी नेता येईना. त्यात तथ्य आहे. कायदाही त्यांच्याच बाजूचा दिसतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे ते सांगताना नुसती पदवी पुरेशी मानलेली नाही. देखरेखीखाली रुग्णांमध्ये काम करून घेतलेले शिक्षण हवे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे भट्टीतून निघाल्यावाचून मडके पाण्याला नेऊ नये, हे कायद्यालाही मान्य आहे. अर्धवट ज्ञानाच्या उत्साहाने किती घरांत किती नुकसान केले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण ते नुकसान खरे आहे. चुकीचा शब्द औषधासारखा उतरत नाही. तो माणसाच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

पण घरी येताना मास्तरांच्या त्या मडक्याने माझी पाठ धरली. ती उपमा आपल्याकडे आली कुठून? गोरोबाकाकांच्या गोष्टीतून. संतांचा मेळा बसला आहे. गोरा कुंभार हाती थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटी मारीत चालला आहे, पक्के कोण आणि कच्चे कोण ते पाहायला. बाकीचे गप्प राहिले. नामदेव चिडले. आणि गोरोबांनी सांगून टाकले, हे मडके कच्चे आहे. इथपर्यंत गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मास्तरांनाही ती इथपर्यंतच आठवत होती.

तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक अशी, की अनेकांच्या सांगण्यात हे सारे सुरू केले ते मुक्ताईने. ‘काका, हे काय आहे? याने काय करतात?’ असे त्या मेळ्यातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले, आणि परीक्षा सुरू झाली. थोरांच्या सभेत जो प्रश्न कोणी काढला नव्हता, तो धाकटीने काढला. दुसरी गोष्ट अशी, की नामदेव त्या दिवशीही काही सामान्य शिष्य नव्हते. लोक त्यांचे कीर्तन ऐकायला गोळा होत होते. म्हणजे कच्चे मडके आधीच लोकांना पाणी पाजीत होते! गोरोबांनी कच्चे म्हटल्यावर ते रागावले, विठ्ठलापाशी रडले, आणि मग उठून विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. पुढे पंजाबपर्यंत पोचलेले आणि ज्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत ते नामदेव, या चालत जाण्यातून घडले. त्यांच्या कच्चेपणाने त्यांचा घात केला नाही. कच्चेपण कळल्यावरही ते तसेच गात राहिले असते, तर मात्र झाला असता.

मग मला वाटू लागले, की कच्च्याने पुढे व्हावे की नाही, हा प्रश्नच अर्धा आहे. पुढे होऊन तो काय मागतो, हा उरलेला अर्धा.

या विद्येचा जन्मच पाहा. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाचे तरुण प्राध्यापक मानसशास्त्र शिकवीत होते. जर्मनीत वुंट यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्या काळचे मानसशास्त्र प्रयोगशाळेतले: दिवा लागल्यापासून बोट उचलीपर्यंत किती वेळ जातो, दोन रंगांतला फरक डोळ्याला केव्हा कळतो, असल्या मापांचे. त्यांच्या वर्गात मार्गारेट मॅग्वायर नावाची एक शाळाशिक्षिका विद्यार्थिनी म्हणून येत असे. १८९६च्या मार्चमध्ये तिने आपल्या शाळेतला चौदा वर्षांचा एक मुलगा विटमर यांच्यापुढे आणून उभा केला. मुलगा एरवी हुशार, पण काही केल्या त्याला शब्दांचे स्पेलिंग येईना. तुमच्या शास्त्राचा याला काही उपयोग आहे का, हा तिच्या येण्याचा अर्थ. विटमर यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की अशा मुलाचे काय करावे याचा शास्त्राने तोवर विचारच केलेला त्यांना आढळला नाही. त्यांनी मुलाला तपासले. त्याच्या दृष्टीत दोष निघाला. चष्मा दिला, शिकवणी लावली, आणि मुलगा सुधारू लागला. त्यातून जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू झाले. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव विटमर यांनी १९०७ साली त्याला दिले.

विटमर यांचे नाव पुस्तकात आहे, आणि ते योग्यच आहे. पण ही विद्या प्रयोगशाळेतून माणसाकडे वळली ती एका विद्यार्थिनीच्या पावलाने. तिला उत्तर येत नव्हते. तिच्यापाशी एक मूल होते, आणि ते मूल घेऊन ज्याला जास्त कळते त्याच्या दारापर्यंत जाण्याची हिंमत होती. तिने ‘मी बरे करते’ असे म्हटले नाही. ‘तुम्ही पाहा’ असे म्हटले.

फिलाडेल्फियाचे नाव घेतले की आम्हा ठाणे जिल्ह्याच्या लोकांना दुसरीच एक विद्यार्थिनी आठवायला हवी. मॅग्वायर बाई तो मुलगा घेऊन आली त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ११ मार्च १८८६ रोजी, त्याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आमच्या कल्याणात जन्मलेली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी, डॉक्टर होऊन बाहेर पडली. जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेलेले. पुढची हकीकत आपल्याला पाठ आहे. पण माझे लक्ष पूर्वी कधी गेले नव्हते अशी एक गोष्ट तिच्यात आहे. १८८३च्या फेब्रुवारीत, बंगालमध्ये सेरामपूरच्या कॉलेजात, सतरा वर्षांची आनंदी भर सभेत उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातो ते तिने सांगितले. या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे तिच्या म्हणण्याचे सार. त्या दिवशी तिला वैद्यकाचे अक्षरही येत नव्हते. ती विद्यार्थिनीसुद्धा झाली नव्हती!

पुढे काय झाले? पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली. पण परत आली ती क्षयाने खंगून. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला. वयाची बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे काम करण्याचा दिवस तिला मिळालाच नाही. मग आपण जिला मान देतो, ती कोणती आनंदीबाई? किती रोगी बरे केले म्हणून कोणी तिची आठवण काढीत नाही. तिचे सगळे पुढारीपण विद्यार्थिदशेतले आहे. शिकायला निघणे, हेच तिचे पुढे होणे. मास्तरांच्या हिशेबाने ती शेवटपर्यंत कोपऱ्यात वही घेऊन बसायला हवी होती. आणि बसली असती तर कल्याणच्या नकाशावरचे एक नाव आणि कितीतरी मुलींच्या वाटा कमी झाल्या असत्या.

कोणी म्हणेल, आनंदीबाईंसारखी एखादीच. सामान्य विद्यार्थ्याचे काय? सामान्य विद्यार्थ्यापाशीही एक गोष्ट असते जी अनुभवी माणसापाशी उरत नाही. त्याचा डोळा अजून सरावलेला नसतो. नवी सून घरात आली की पहिल्या आठवड्यात तिला भिंतीवरची ओल दिसते. वर्षाने तीही त्या ओलीला टेकून बसते. १९७१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिंबार्डो यांनी तुरुंगाचा एक कृत्रिम प्रयोग मांडला. काही तरुणांना कैदी केले, काहींना पहारेकरी. पहारेकरी क्रूर होत चालले, कैदी कोलमडू लागले. बघणारे बरेच येऊन गेले. झिंबार्डो स्वतः तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेत रमले होते. क्रिस्तिना मास्लाक ही नुकतीच पीएच.डी. झालेली तरुणी तेथे आली, तिने पाहिले आणि स्पष्ट सांगितले, की तुम्ही या मुलांचे जे करता आहात ते भयंकर आहे. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी थांबला. त्या प्रयोगाच्या शास्त्रीय मोलाविषयी पुढे पुष्कळ वाद झाले; ते एक असो. पण इतरांना जे दिसेनासे झाले होते ते तिला दिसले, आणि ज्याच्याशी वाईटपणा घेणे तिला सर्वांत अवघड होते त्यालाच तिने ते सांगितले.

एवढा विचार झाल्यावर मला आमच्या मजल्यावरच्या मुलीचे म्हणणे नीट ऐकू आले. आजवर विद्यार्थ्यांच्या जेवढ्या चळवळी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांची मागणी एकच: आम्हाला मोकळे सोडा. ही मुलगी उलटे मागत होती. आमच्यावर लक्ष ठेवा, आमची चूक आम्हाला दाखवा, आणि आम्ही कोण आहोत ते समोरच्या माणसाला खरे सांगा. मास्तरांनी कच्चे मडके म्हणून जी भीती घातली, तीच तर तिची तक्रार होती! मडके स्वतः सांगत होते, की मला भट्टीत घाला. आणि भट्टी लावणारे जागेवर नव्हते. २०१७च्या त्या कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, सेवेत उणीव असेल तर तक्रार करण्याचाही दिला आहे. पण दाराशी घाबऱ्या मुलाला घेऊन आलेल्या आईला, पाटीवरचा ‘तज्ज्ञ’ हा शब्द खोटा आहे हे कळणार कसे? ते माहीत असलेली माणसे त्या इमारतीत मोजकी. त्यांत सहा विद्यार्थी.

माझे उत्तर मग ठरले. ज्ञानाने मिळतो तो अधिकार एक. तो तिला नव्हता, आणि तिने तो घेऊ नये. दुसरा अधिकार माहीत असल्याने येतो. जे चुकते आहे ते ज्याला दिसले आणि त्या चुकीत ज्याचा हात आहे, त्याने बोलायला पदवी लागत नाही. तिथे गप्प राहायलाच फार तर कारण लागते.

मी तिला बोलावून हे सांगितले. ती म्हणाली, ‘काका, मी काल सगळ्यांना बोलावले होते.’ म्हाताऱ्या माणसाची उत्तरे बहुधा अशीच एक दिवस उशिरा येतात.

सहाजण जमले. एकाने सुचवले, उद्यापासून कामच बंद करू. मग डोळे उघडतील. ही म्हणाली, ‘गुरुवारी तो मुलगा येणार आहे. त्याने काय करायचे?’ मला वाटते, साऱ्या प्रकरणात तिचे खरे पुढारीपण कुठे असेल तर ते या वाक्यात. रुग्णाच्या नावाने भांडायचे आणि भांडणात रुग्णालाच दाराबाहेर उभे करायचे, हा मोह मोठमोठ्यांना आवरत नाही. त्यांनी असे ठरवले, की नवीन कोणाला एकट्याने घ्यायचे नाही. जे आधीपासून येतात त्यांना सोडायचे नाही. आणि व्यवस्था होईपर्यंत कॉलेजातल्या एका बाईंनी, नावे काढून टाकलेली टिपणे आपल्या वेळात पाहायची कबुली दिली, त्यांच्याकडे ती न्यायची. मग अर्ज लिहिला. पाटीवर ‘प्रशिक्षणार्थी’ असे लिहावे, आठवड्यातून एक तास अनुभवी व्यक्तीने आमचे काम तपासावे, एवढ्याच मागण्या. चौघांनी सह्या केल्या, दोघांनी केल्या नाहीत. त्या दोघांना मी नावे ठेवणार नाही. एकाच्या घरी कर्ज होते, आणि भीती ही प्रत्येकाच्या घराप्रमाणे लहानमोठी असते.

आधी वर बोलावून खरडपट्टी निघाली. मग पंधरा दिवसांनी एक अनुभवी बाई दर बुधवारी येऊ लागल्या. पाट्या बदलायला महिना लागला. आभार कोणी मानले नाहीत. सत्राच्या शेवटी तिच्या प्रगतिपत्रकावर शेरा आला: ‘सहकार्याची वृत्ती वाढवावी.’ तो कागद दाखवताना ती हसली, पण फार नाही. गुण कमी पडले होते.

आणि ती आई? पुढच्याच गुरुवारी हिने तिला सांगितले, ‘मागे मी तुम्हाला म्हणाले की माझे काम दर आठवड्याला तपासले जाते, ते खरे नव्हते. आता आम्ही तशी व्यवस्था करतो आहोत. तुम्हाला दुसरीकडे जायचे असेल तर मी पत्ता देते.’ बाईने ऐकून घेतले आणि मुलाला घेऊन निघून गेली. त्यानंतरच्या गुरुवारी ती आली नाही. खरे बोलल्याचे हे फळ, असे म्हणून मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. आजीने मला येऊन सांगितले. तिसऱ्या गुरुवारी बाई आली. एकटीच. खुर्चीवर बसून म्हणाली, ‘आज पोराला आणले नाही. मला बोलायचे आहे.’ काय बोलली ते मुलीने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. तेवढे कळण्याइतकी ती शिकली आहे, आणि न विचारण्याइतका मीही.

ही हकीकत मी मास्तरांनाही सांगितली. त्यांनी बराच वेळ चहा ढवळला. मग म्हणाले, ‘बुधवारी बाई येतात ना? मग ठीक आहे.’ मला त्यांचे ते म्हणणे आवडले. आपण हरलो असे त्यांना वाटले नाही, आणि ते हरले नव्हतेच. भट्टी हवी, हे त्यांचे म्हणणे शेवटी खरेच ठरले. ती मागितली मात्र मडक्याने.

परवा तिची आजी नव्या पणत्या पाण्यात भिजत घालीत होती. भाजून निघालेल्या पणत्याही तशाच लावल्या तर तेल पितात, म्हणून आधी रात्रभर बुडवून ठेवाव्या लागतात, हे तिनेच मला सांगितले. तेवढ्यात नात आली. नरकचतुर्दशीला पहाटे फडके रोडवर मैत्रिणी जमायच्या आहेत, कोणती साडी नेसावी, यावर आजीशी तिची चर्चा चालली होती. मधेच थांबून माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काका, सांगायचे राहिलेच. पुढच्या सत्रात मला ठाण्याला पाठवणार आहेत.’

आजीने चमकून वर पाहिले. आम्ही दोघेही हसलो. मग आजीही हसली आणि पणत्या उलथ्या करू लागली.